सारसोळ्याला पूर्ण मार्क

माझा राग नाकावर असतो, हे साताऱ्याकडच्या आमच्या घरात सगळ्यांना मान्य होतं. लग्न होऊन जुईनगरच्या फ्लॅटमध्ये आल्यावर सासरच्यांनीही ते लवकरच मान्य केलं. त्यामुळे लोकांच्या घरी जाऊन गोडीगुलाबीने प्रश्न विचारायची नोकरी मला लागली, तेव्हा नवरा दोन दिवस नुसता हसत होता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मुंबईच्या एका इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हातारपणी होणाऱ्या विसरण्याच्या आजारावर संशोधन करत होत्या. डॉक्टर लोक त्याला डिमेन्शिया म्हणतात. आपल्याकडे म्हातारचळ म्हटलं की विषय संपतो. आमचं काम सोपं होतं. साठी उलटलेल्या माणसांना छापील कागदावरचे प्रश्न विचारायचे, उत्तरांना मार्क द्यायचे, आणि ज्यांचे मार्क फार कमी येतील त्यांना मग डॉक्टरबाई स्वतः तपासणार.

वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमध्ये आम्हाला माणसं कमी पडली नाहीत. रिटायर्ड मंडळी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून आमची वाट बघत बसायची. आमच्या बिल्डिंगमधले, बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा तर चक्क अभ्यास करून आले. आधी ज्यांचं झालं होतं त्यांच्याकडून त्यांनी प्रश्न काढून घेतले होते, आणि सकाळी फिरायला जाताना सगळा कंपू एकमेकांची तोंडी परीक्षा घेत होता. मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी तारीख, वार, महिना, साल आणि राष्ट्रपतींचं नाव एका दमात सांगून टाकलं आणि वर विचारलं, "किती पडले? पहिला आलो का?" त्यांच्या बायकोने आतून सांगितलं की हेच गृहस्थ भाजीची पिशवी दर आठवड्याला भाजीवाल्याकडे विसरून येतात.

डॉक्टरबाई मात्र खूश नव्हत्या. एकदा त्यांनी सगळे भरलेले कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "हे सगळे एका साच्यातले आहेत. शिकलेले, पेन्शन घेणारे, फ्लॅटमधले. विसरण्याचा आजार काय फक्त लिफ्टनेच वर येतो? उद्या यावर काही उपाय सापडला तर तो ह्यांच्याच मापाचा असेल. बाकीच्यांनी काय करायचं?"

बाकीचे काही लांब नव्हते. नेरूळमध्येच, खाडीच्या कडेला सारसोळे होतं. आमच्या बिल्डिंगींच्या कितीतरी आधीपासूनचं कोळ्यांचं गाव. आमच्या मजल्यावर मासे घेऊन येणारी कोळीण तिथलीच. माझ्याहून थोडीच मोठी असेल, पण मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला ताई. भाव करताना मात्र आमचं काही नातं नसायचं. ती बोंबील मोजताना एकीकडे सगळ्या बिल्डिंगची खबर द्यायची, आणि मी तिला माझ्या नोकरीतल्या गमती सांगायची.

आजोबांच्या अभ्यासाची गोष्ट सांगितली त्या दिवशी ती हसली नाही. पाटी खाली ठेवून उंबऱ्यापाशी बसली.

"ताई, मना खरं सांग. ह्यो इसरन्याचा खराच आजार असतो? का वय झालं का आसंच होतं?"

मग तिने तिच्या आईबद्दल सांगितलं. आई गावची धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतचे विधी गाण्यांवर चालतात. त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्यावाचून मांडवाला हात लागत नाही. त्यातलं सगळ्यात जोखमीचं गाणं देवांच्या आवतणाचं. गावदेवीपासून सुरुवात करून खाडीतले, बेटावरचे, डोंगरावरचे देव आणि मग घरातले गेलेले पूर्वज, सगळ्यांना क्रमाने लग्नाला बोलवायचं. एक जरी राहिला तर तो रुसतो, आणि त्याचा राग नव्या जोडप्यावर निघतो असं मानतात.

"आये देव इसराया लागली," मावशी म्हणाली. हे सांगताना तिने जिन्याकडे बघून घेतलं. "कोनाला ठाव नाय. आये एक ओल म्हनते, मागून बाया तीच म्हनतान. तिची चुकली तरी बायांच्या गलबल्यात कलत नाय. पन आता माझ्या पोरीचं लगीन हाय, तुलशीचं लगीन झालं का. आयेनं नाय म्हनलं तर लोकं इचारतील का नाय म्हनलं. आन म्हनलं आन देव ऱ्हायला तर?"

म्हातारीला कुणी तपासलं पाहिजे हे मावशीला कळत होतं. पण धवलारणीला म्हातारचळ लागलाय हे एकदा गावात फुटलं की तिला कुणी मांडवात बोलावणार नाही, आणि मांडव सुटला की आई महिनाभरसुद्धा उभी राहणार नाही, याची तिला खात्री होती. हे ओझं घेऊन ती दारोदार मासे विकत होती. मी तिला म्हटलं, आमच्या डॉक्टरबाई तुमच्या गावात येणारच आहेत, सगळ्यांबरोबर आईचीही तपासणी होईल, कुणाला वेगळं कळणारसुद्धा नाही. माझ्या शब्दावर ती उठली.

आणि आमच्या पथकाने पहिल्याच फेरीत माती खाल्ली.

मी त्या दिवशी कोपरखैरण्याला होते. सारसोळ्यात माझ्याबरोबरचे दोघे गेले, तेच छापील कागद घेऊन. कागदावर प्रश्न होता, 'आपण आत्ता कुठे आहोत?' आणि बरोबर उत्तर म्हणून छापलेलं होतं, नेरूळ आणि सेक्टरचा नंबर. गावातले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या एकच उत्तर देत होते, सारसोळे. आमच्या शहाण्यांनी सगळ्यांना शून्य दिलं. पुढचा प्रश्न, 'आपण कितव्या मजल्यावर आहोत?' घरं बैठी. एका म्हाताऱ्याने वर कौलांकडे बघितलं, खाली जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, पोरांनो, तुमी बरे हाव ना? त्यालाही शून्य.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण निघताना त्यांनी गावकीच्या प्रमुखांना काळजीच्या सुरात सांगितलं की तुमच्या गावातल्या बहुतेक वृद्धांना आपण कुठे राहतो हेच सांगता येत नाहीये. प्रमुख म्हणजे पांढरी टोपी घातलेले, कडक आवाजाचे गृहस्थ. पूर्वी मिठागरावर होते, आता दोन चाळी भाड्याने दिलेल्या. त्यांनी कागद परत त्या दोघांच्या हातात दिले आणि गावाच्या वेशीपर्यंत स्वतः सोडायला आले. पुन्हा येऊ नका, असं त्यांना तोंडाने म्हणावंसुद्धा लागलं नाही.

मावशीने आमचा मजला सोडला. खालच्या मजल्यापर्यंत तिची हाक ऐकू यायची, मग जिना उतरल्याची चाहूल. दोनदा मी धावत खाली गेले. दुसऱ्यांदा ती भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "गावानं दार लावलं, ताई. आता आयेला घेऊन कुटं जाऊ?" तुळशीचं लग्न जवळ येत होतं.

मी रागारागाने डॉक्टरबाईंकडे गेले. समोर बसलेल्यांची पर्वा न करता म्हटलं, "बाई, ज्या गावाच्या जमिनीवर हे सेक्टर झाले त्या गावातल्या माणसाने गावाचं नाव सांगितलं तर तुमच्या कागदाने त्याला वेडा ठरवलं. आधी कागदाला तपासा." बाईंनी तो कागद हातात घेऊन शांतपणे वाचला. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी माझ्यावर उलट आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "गावात कुणाशी बोलायचं? मी येते."

मावशीने गावात बाईंचा निरोप पोचवला, आणि ठरल्या दिवशी गावदेवीच्या देवळासमोर गावकी बसली. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला, मध्ये सतरंजी. डॉक्टरबाईंसाठी खुर्ची आणली होती, ती त्यांनी बाजूला सरकवली आणि खाली बसल्या. प्रमुख उभे राहिले.

"आमची शेतं घेतली. मिठागरं घेतली. आंगठे घेतले, कागद नेले, आन मंग गावाला नंबर लावला. आता येऊन इचारता, कुटं हाव? आन आमी सारसोले म्हनलं तं चुकलं?"

मी बाईंकडे बघत होते. इस्पितळात त्यांच्यापुढे भलेभले उभे राहायचे. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. कागद आमचा चुकलाय, तुम्ही नाही. तो कागद मी मुंबईत बसून केला. आता इथे बसून पुन्हा करायचाय, तुमच्याबरोबर. करू या का?"

मग बायकांच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला, "मजला पहिला काढा." सगळी सभा हसली, प्रमुखसुद्धा टोपी सारखी करायच्या निमित्ताने हसले, आणि तिथून गाडं रुळावर आलं.

त्या एका बैठकीने झालं नाही. बाई पुन्हा पुन्हा येत राहिल्या, देवळात बसून कोरा चहा पीत राहिल्या. लक्षात ठेवायला आम्ही जे शब्द देत होतो त्यात टेबल आणि टेलिफोन होते. बायांनी ते काढून वल्हं, पाटी, सुकट असे घातले. शंभरातून सात-सात वजा करायला सांगण्याऐवजी मासळीच्या वाट्यांचा हिशेब आला. तारखेबरोबर तिथीही चालेल असं ठरलं. आणि 'आपण कुठे आहोत' याचं उत्तर सारसोळे, हे प्रमुखांनी स्वतःच्या हाताने, पेन दाबून लिहिलं.

अंगठ्यावरून मात्र दोन बैठका नुसती भांडणं झाली. तपासणीला माणसाची परवानगी लागते आणि परवानगी म्हणजे सही किंवा अंगठा. गावात अंगठा हा शब्द काढला की म्हाताऱ्यांची बोटं मुठीत जायची. शेवटी असं ठरलं, की कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, ज्याला नको त्याने नाही म्हणायचं, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत गावात देवळाच्या कपाटात राहील. निकाल चव्हाट्यावर नाही, ज्याच्या त्याच्या घरात सांगायचा. प्रश्न गावातल्याच बाया विचारतील, आम्ही शेजारी बसू. आणि वह्या भरल्या की पळून जायचं नाही; डॉक्टरबाईंनी दर महिन्याला गावात यायचं. ही शेवटची अट घालताना प्रमुखांनी बाईंच्या डोळ्यात बघितलं. बाई म्हणाल्या, येईन.

प्रश्न विचारायला ज्या दोघींना गावाने निवडलं, त्यातली एक आमची मावशी. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं. पण निवड होऊनही ती खूश दिसली नाही. सगळ्या गावाला जे प्रश्न विचारायचे, ते आईला विचारायची वेळ आली की काय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सुरुवातीचा दिवस उजाडला. देवळासमोर सतरंज्या, पाण्याची घागर, डॉक्टरबाईंची पेटी, सगळं तयार. प्रमुखांनी कागद मोठ्याने वाचला. म्हातारी माणसं रांगेने बसलेली. आणि पहिलं कोण, हे मात्र ठरेना. प्रत्येक जण शेजारच्याकडे बघत होता. पहिलं उठणं म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असं सगळ्या गावासमोर कबूल करणं. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण मी बघत होते. एवढं करून गाडी पहिल्याच स्टेशनावर अडते की काय.

तेवढ्यात धवलारीण उठली. उंच, ताठ म्हातारी, केसांत अबोली. मावशी अर्धवट उभी राहिली, "आये, तू नको, बस." म्हातारीने तिला हाताने बाजूला केलं, मध्ये येऊन उभी राहिली आणि मांडवात गाते त्याच आवाजात म्हणाली,

"मी इसरतंय. गेल्या लग्नात खाडीवरचा देव माझ्याच्यानं ऱ्हायला. मना कललं, पन तवर गानं पुढं गेलेलं."

मावशीने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, संपलं आता. आणि बायकांच्या बाजूने, अगदी सहज, कुणीतरी भाजीचा भाव सांगावा तसं एक बाई म्हणाली, "नाय ऱ्हायला, आये. आमी घेतला त्याला. मागून."

मग एकेक बोलायला लागली. कवाचं ठाव हाय. दोन वर्सं झाली. माझ्या दिराच्या लग्नात देवाघरी गेलेली सासू तिने गाळली, ती आमी घातली. आमच्या पोराच्या हलदीत देवी इसरली, ती आमी घातली. बायका एक ओळ मागून म्हणायच्या ना, त्याच ओळीत तिने सोडलेला देव हळूच बसवून त्या पुढे जायच्या. धवलारणीला कळू नये म्हणून गात होत्या, आणि धवलारीण त्यांना कळू नये म्हणून गात होती. आणि मावशी, बिचारी, त्या सगळ्यांपासून लपवत मासे विकत होती.

मावशी सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडायला आलं की मी चिडते, म्हणून मी उगीच घागरीपाशी उभ्या असलेल्यांना ओरडले, पुढे व्हा, पाणी सांडताय. म्हातारीने दोन्ही सतरंज्यांच्या मध्ये, सगळ्या गावासमोर कागदावर अंगठा उठवला आणि हात वर करून शाई सगळ्यांना दाखवली. मग खाली बसून म्हणाली, "चला, इचारा. उपाशी बसवनार हाव का?"

तिच्या मागे जी रांग लागली ती दुपारी जेवायला मोडली आणि पुन्हा लागली. शेवटी प्रमुख टोपी काढून बसले. त्यांना शब्द आठवताना जरा त्रास झाला, आणि त्यांनी बाईंना हळूच विचारलं, किती पडले. माणूस फ्लॅटमधला असो की बैठ्या घरातला, मार्क सगळ्यांना हवे असतात.

डॉक्टरबाईंनी धवलारणीच्या घरी जाऊन मावशीला आणि तिला समोर बसवून सगळं सांगितलं. आजार आहे. सुरुवात आहे. तो बरा करायचं औषध माझ्याकडे नाही, आणि आहे असं मी खोटं सांगणार नाही. तिला एकटीला खाडीवर पाठवू नका, चुकली की टोकू नका, आणि तिचं गाणं बंद करू नका. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नातीचं लगीन लावीन ना मी?" बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही लावलं तर कोण लावणार?"

त्या लग्नाला मी आणि डॉक्टरबाई दोघी गेलो. हळदीचा मांडव, दिव्यांच्या माळा, भाकऱ्यांचा आणि सुक्याचा वास. म्हातारी मध्ये बसली, तिच्याभोवती बायका दाटून, आणि मावशी नवरीच्या शेजारी. आवतण सुरू झालं. गावदेवी आली, खाडीचे देव आले, बेटावरचे आले. मग म्हातारी थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी बाईंचा हात इतका आवळला की त्या नंतर दोन दिवस माझी चेष्टा करत होत्या.

आणि बायांनी, या वेळी लपूनछपून नाही, उघड, वर तोंड करून पुढची ओळ उचलली. देवाचं नाव घेतलं. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, हसली, आणि त्यांच्या मागून तीच ओळ म्हटली. एवढी वर्षं ती पुढे आणि बाया मागे. त्या दिवसापासून जिथे ती थांबेल तिथे बाया पुढे आणि ती मागे. थोड्या वेळाने तिला वाट सापडली की पुन्हा ती पुढे. एकही देव राहिला नाही. गेलेल्यांमधला एकही पूर्वज राहिला नाही. वरातीत प्रमुख नाचले आणि डॉक्टरबाईंनाही नाचवलं, आणि त्या इतक्या वाईट नाचतात हे इस्पितळात कुणाला माहीत नसणार.

सारसोळ्याचं बघून पुढे शेजारच्या गावांनी आम्हाला स्वतःहून बोलावणी पाठवली. पथक सारसोळ्याच्या बायांना तिकडे घेऊन जायचं, आणि तिथल्या बाया पुन्हा आपले शब्द घालायच्या. बाई दर महिन्याला आल्या. बाईंच्या वह्यांमध्ये आता सगळ्या साच्यांची माणसं होती, आणि त्या वह्या छातीशी धरून मुंबईला जाताना मी त्यांना बघितलंय. त्यांचा तो तोरा बघून मला माझाच अभिमान वाटायचा, हे मी लपवत नाही.

त्या दशकाच्या शेवटी शेवटी म्हातारीची वर्षाची तपासणी होती. घरचंच माणूस म्हणून मावशीने विचारायचं नाही असा आमचा नियम, म्हणून प्रश्न मी विचारले आणि मावशी कागदावर लिहीत होती. तोवर आजार बराच पुढे गेला होता. वल्हं, पाटी, सुकट, काहीच राहिलं नाही. महिना नाही, तिथी नाही. मी मावशीकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? म्हातारीने तिच्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "चांगली बाय हाय." मावशीने मान खाली घालून शून्य लिहिलं.

मग तो प्रश्न आला. मी म्हटलं, "आजी, आपण आत्ता कुठे आहोत?"

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते. तिने पाठ ताठ केली आणि मांडवातल्या आवाजात म्हणाली, "सारसोले."

मावशीने पेन दाबून पूर्ण मार्क लिहिले.